एटोबिकोतील रताळ्याचे सूप

टोरांटो महानगराच्या पश्चिम अंगाला, हंबर नदी आणि एटोबिको नावाचाच ओढा यांच्या मधल्या पट्ट्यात, डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात जी मराठी कुटुंबे नाताळच्या सुट्टीनिमित्त एकमेकांच्या घरी जमतात, त्यांच्या पंगतीत अलीकडे एका पदार्थाने असे काही स्थान मिळविले आहे की तो नसला तर यजमानीणबाईंना त्याचे कारण सांगावे लागते. तो पदार्थ म्हणजे रताळ्याचे सूप. मसालेभात, अळूची भाजी, बासुंदी ही परंपरा मंडळींनी येताना बरोबर आणली. हे सूप मात्र त्यांनी बरोबर आणलेले नाही, आणि शेजारच्या कॅनेडियन घरांतून जसेच्या तसे उचललेलेही नाही. ते येथे, या वस्तीत घडले. आणि ज्या अर्थी ते येथे घडले त्या अर्थी या वस्तीच्या इतिहासात त्याची पाळेमुळे सापडली पाहिजेत, अशा समजुतीने मी हा शोध घेतला.

ज्या भूमीच्या अन्नाविषयी लिहावयाचे त्या भूमीची खरेदी कशी झाली हे न सांगता पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. टोरांटोची जमीन इंग्रज सरकारने मिसिसॉगा लोकांकडून १७८७ साली घेतली असे मानले जाई. परंतु त्या वेळचा दस्तऐवज इतका अपुरा होता की १८०५ साली केवळ दहा शिलिंग देऊन व्यवहार पुन्हा पक्का करून घ्यावा लागला, आणि त्यातील पश्चिम सीमा, म्हणजे एटोबिकोचा हा ओढा, हीच वादाचा मुद्दा होऊन राहिली. तो वाद २०१० साली १४ कोटी ५० लक्ष डॉलरांच्या भरपाईने मिटला. या सरोवरांच्या प्रदेशातील मूळ शेतकरी मका, घेवडा आणि भोपळा ही पिके एकत्र लावीत, आणि हिवाळ्यात साठवणीतला भोपळा व मका यांचे दाट पेय शिजवीत. रताळे त्यांना ठाऊक नव्हते. ते याच महाखंडाच्या उष्ण भागातले पीक. थंडीने त्याचा कंद नासतो, आणि येथील दीर्घ हिवाळ्यात ते तग धरील अशी कल्पनाही पूर्वी कोणी केली नसती.

सुपाचे नाव मात्र एटोबिकोला नवे नाही. ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठी न्यू टोरांटो नावाचे कारखान्यांचे छोटे नगर होते, ते १९६७ साली एटोबिकोत विलीन झाले. त्या नगरात कॅम्पबेल कंपनीने १९३१ साली आपला सुपाचा कारखाना सुरू केला. जॉन डॉरन्स या रसायनशास्त्रज्ञाने १८९७ साली त्याच कंपनीच्या अमेरिकेतील कारखान्यात सुपातील बरेचसे पाणी काढून ते आटीव स्वरूपात डब्यात भरण्याची रीत बसविली होती. त्यामुळे डबा लहान झाला, वाहतूक स्वस्त झाली, आणि गृहिणीने घरी डबाभर पाणी घालून उकळी आणली की काम झाले, अशी सोय झाली. जवळजवळ नऊ दशके या कारखान्याने ऑन्टॅरिओच्या शेतांतील गाजरे आणि बटाटे विकत घेतले आणि कॅनडाच्या घरोघरी सूप पोहोचविले. जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने तो बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. इमारत जुनी झाली, तिची पुनर्रचना परवडण्यासारखी नाही, हे कारण देण्यात आले. शिवाय डब्यातील सुपाचा खपही सर्वत्र उतरू लागला होता.

हा कारखाना भरात चालू असतानाच, १९६७ साली, कॅनडाने परदेशस्थांना प्रवेश देण्यासाठी गुणांची पद्धत स्वीकारली. जन्मस्थान व वर्ण यांऐवजी शिक्षण, वय, भाषा आणि कसब पाहिले जाऊ लागले, आणि पुण्या-मुंबईचे अभियंते व डॉक्टर, आणि पुढे बँकांतले हिशेबनीस टोरांटोच्या परिसरात स्थिरावू लागले. त्यांतील शाकाहारी कुटुंबांना सुपाच्या डब्यावरील बारीक अक्षरांतली यादी वाचण्याची सवय पहिल्याच हिवाळ्यात लागली. कारण भाजीचे म्हणून विकले जाणारे सूपही पुष्कळदा गोमांसाच्या अगर कोंबडीच्या अर्कात शिजविलेले असे. टोमॅटोच्या डब्यावर जिरे-हिंगाची फोडणी घालून त्याचे सार करण्याची युक्ती अनेक घरांत निघाली, आणि कित्येक वर्षे तीवर काम भागले. पण हे सार उपवासाला चालत नसे. आणि येथील थंडीत, बाहेर उणे पंधरा अंश असताना, उपवासाच्या माणसाला संध्याकाळी गरम काय द्यावे, हा प्रश्न जसाच्या तसा उरला. माझ्या मते या सुपाचा उगम त्या प्रश्नात आहे.

उत्तरासाठी लागणारा माल मात्र दाराशीच येत होता. क्वीन्सवे रस्त्यालगत, एटोबिकोच्या हद्दीत, ऑन्टॅरिओ फूड टर्मिनल हा घाऊक भाजी-फळांचा बाजार १९५४ साली उघडला. त्याचा कायदा १९४६ सालचा, आणि कारभार एका सरकारनियुक्त मंडळाकडे. ज्यांनी आपल्याकडील कृषि उत्पन्न बाजार समित्या पाहिल्या आहेत त्यांना या जागेचा आराखडा समजावून सांगण्याची गरज नाही: मध्यरात्रीनंतर येणारे मालट्रक, गाळ्यांची रांग, शेतकऱ्यांसाठी राखलेले निराळे आवार, आणि पहाटे फटफटण्यापूर्वी संपणारे सौदे. भेद इतकाच की येथे खरेदीदारही नोंदलेला व्यापारी असावा लागतो. सामान्य गिऱ्हाइकाला आत प्रवेश नाही. कॅनडातील या सर्वांत मोठ्या घाऊक बाजारातून जे उचलले जाते ते त्याच सकाळी एटोबिकोच्या दुकानांत मांडले जाते, आणि त्यात रताळ्याच्या खोक्यांचा वाटा आता मोठा आहे.

पूर्वी ही रताळी दक्षिणेकडून, विशेषतः नॉर्थ कॅरोलायनातून येत. आजही पुष्कळ येतात. परंतु गेल्या काही दशकांत टोरांटोपासून दीडशे किलोमीटरांच्या आत, ईरी सरोवराच्या उत्तरेकडील नॉरफोक परगण्यात, हे पीक मूळ धरून बसले आहे. आणि ते कसे बसले ही हकीकत मला या सबंध विषयातील सर्वांत रसाळ वाटते. नॉरफोकची जमीन वाळूची. तिच्यावरील पाइन वृक्षांची अरण्ये एकोणिसाव्या शतकात तुटली, माती वाऱ्यावर उडू लागली, आणि ती धरून ठेवण्यासाठी १९०८ साली सेंट विल्यम्स येथे सरकारला रोपवाटिका काढावी लागली. १९२० च्या दशकात या वाळूत सिगारेटचा तंबाखू उत्तम येतो असे ध्यानात आले, आणि डेल्हाय या गावाभोवती (लेखन आपल्या दिल्लीचे, उच्चार मात्र तेथलाच) तंबाखूचा सुबत्तेचा मुलूख उभा राहिला. पुढे तंबाखूचे सेवन घटले, धूम्रपानाविरुद्ध कायदे झाले, आणि २००८ साली केंद्र सरकारने तंबाखू उत्पादकांचे कोटे मोबदला देऊन काढून घेण्याची योजना जाहीर केली. वाळूच्या जमिनीत दुसरे काय करावे, या विवंचनेत पडलेल्या शेतकऱ्यांपैकी काहींना रताळ्याने आधार दिला. ही वाळू वसंतात लवकर तापते, कंदाला सैल जागा देते, आणि काढणीच्या वेळी सहज सुटते. तंबाखूची रोपे लावणारी यंत्रे रताळ्याचे वेल लावण्यासही उपयोगी पडतात. मेच्या अखेरीपासून जूनपर्यंत लावणी आणि पहिल्या हिमकणापूर्वी काढणी, एवढ्या तुटपुंज्या मुदतीत पीक हाती घ्यावे लागते. काढलेला कंद लगेच विकत नाहीत. सुमारे तीस अंश सेल्सिअस उष्णतेत आणि दमट हवेत काही दिवस ठेवून त्याच्या सालीवरील जखमा भरू देतात, मग तेरा अंशांच्या आसपास थंड वखारीत रचतात. अशा रीतीने जपलेले रताळे पुढील उन्हाळ्यापर्यंत टिकते, आणि साठवणीत त्याची गोडीही वाढते. नाताळात हाती येते ते बहुधा असे पिकलेले रताळे असते. नायगरा भागातील व्हाइनलँड संशोधन केंद्राने थंड हवामानास योग्य असा ‘रेडियन्स’ नावाचा वाणही अलीकडे सिद्ध केला आहे.

रताळ्याचे आणि मराठी माणसाचे नाते मात्र याहून पुष्कळ जुने. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून हा अमेरिकेचा कंद पश्चिम किनाऱ्यावर उतरला, आणि आज महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी महाराष्ट्रातील कोणत्याही पेठेत रताळ्यांचे ढीग लागलेले दिसतात. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील गावांत तर मराठी शेतकरी हे पीक मोठ्या प्रमाणावर घेतो, आणि तेथील लाल मातीची रताळी दूरदूरच्या बाजारांत जातात. उपवासाच्या ताटात बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद, ही सर्व रताळ्याप्रमाणेच त्याच महाखंडातून आलेली मंडळी होत. ज्या व्रतात भात-भाकरी, डाळ, सगळे धान्य वर्ज्य, त्या व्रताने या नवागतांना प्रवेश दिला. कारण ते धान्य नव्हते, पोटाला आधार देत होते, आणि ऋतूला अनुकूल होते. आपल्या आजी-पणजींनी त्यांच्याकडे दाखला मागितला नाही. या निर्णयात मला एक मोठे शहाणपण दिसते, आणि एटोबिकोतल्या सुनांनी व लेकींनी जे केले ते त्याच शहाणपणाचा पुढचा भाग आहे असे मी मानतो.

थंडी, मेळावा आणि रताळे यांची सांगड तरी आपल्याकडे कोठे नवीन आहे? रायगड जिल्ह्यात, अलिबाग-पेण-पनवेलच्या बाजूस, पौष-माघाच्या रात्री शेतात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, ओवा आणि जाडे मीठ. पाण्याचा किंवा तेलाचा थेंब नाही. मडके पालथे घालून भोवती पालापाचोळा व काटक्या पेटवितात, आणि अर्धा-पाऊण तास शेजारीपाजारी त्या जाळाभोवती बसून राहतात. अशा धिम्या उष्णतेत रताळ्याचे काय होते ते जाणून घेण्याजोगे आहे. कंदाच्या गराचे तपमान साधारण साठ ते पंच्याहत्तर अंश सेल्सिअस असते तोवर त्यातील एक द्रव्य पिठाचे साखरेत रूपांतर करीत राहते. कंद भराभर तापला की हे काम अर्धवट राहते, सावकाश तापला की तो मधासारखा गोड होतो.

म्हणून जाणत्या हाताने केलेल्या सुपाची रताळी उकडलेली नसतात. दहा-बारा माणसांसाठी दीड किलो रताळी धुऊन, सालीसकट, काट्याने टोचून, ३२५ अंश फॅरनहाइटवर ओव्हनमध्ये सव्वा ते दीड तास ठेवतात; साल सैल होऊन तिच्या भेगांतून पाक पाझरू लागला आणि तो तव्यावर काळसर चिकटला, की ती झाली असे समजावे. मग जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे साजूक तूप, त्यात जिरे तडतडवून चिरलेली हिरवी मिरची आणि किसलेले आले, त्यावर सोललेला गर, आणि गर बुडेल इतके गरम पाणी. दहा मिनिटांनी घोटून एकजीव केले की नारळाचे दूध आणि सैंधव. दूध घातल्यावर उकळी येऊ द्यावयाची नाही, नाही तर ते फुटते. लिंबू आच बंद केल्यावर. आणि वाटीत वाढताना वरून भाजलेल्या शेंगदाण्याचे भरड कूट. हिंग, मोहरी, हळद यांना या पातेल्यात प्रवेश नाही. कोथिंबिरीबद्दल मतभेद आहे: काही घरांत ती उपवासाला चालते, काहींत नाही, म्हणून ती वेगळ्या वाटीत ठेवणे हे उत्तम.

हा नियम केवळ सोवळेपणाचा नाही, तो पंचांगाचाही आहे. नाताळची सुट्टी मार्गशीर्ष-पौषात पडते, आणि व्रतांची दाटी नेमकी त्याच सुमारास असते. २०२३ साली दत्तजयंती २६ डिसेंबरला आली. २०२४ साली त्याच २६ डिसेंबरला सफला एकादशी होती. हा दिवस ऑन्टॅरिओत सार्वजनिक सुट्टीचा, म्हणून दूरच्या गावांतील मंडळी एकत्र येण्यास सोयीचा. आणि त्याच दिवशी निम्म्या ज्येष्ठांचा उपवास. अशा वेळी चुलीवर दोन पातेली चढतात. एकात वर सांगितलेले. दुसऱ्यात कांदा, लसूण, सेलरी, मिरपूड, किंचित जायफळ, आणि सोबत पावाचे कुरकुरीत तुकडे. दोन्हींचा रंग एकच, केशरी. म्हणून डाव एकातला दुसऱ्यात जाऊ नये यासाठी घरातल्या एखाद्या काकूंनी पातेल्यांपाशी उभे राहावयाचे असते. ‘आजी, हे तुमचं,’ असे म्हणत नातवंडे वाट्या नेतात, आणि उपवास नसलेले बहुतेक जण दुसऱ्या खेपेला आजींच्या पातेल्यातलेच मागतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

केशरी रताळ्याविषयी ज्येष्ठांची एक तक्रार राहते, की ते फार ओलसर आणि आपल्या रताळ्याच्या पिठूळपणाला मुकलेले. त्यावर उपाय एटोबिकोच्याच उत्तर भागात, रेक्सडेलमध्ये आहे. तेथील कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबांच्या दुकानांत बाहेरून तांबडी आणि आतून पांढरी अशी रताळी मिळतात, त्या बेटांवर त्यांचे गोड पुडिंग करण्याचा परिपाठ आहे. हुबेहूब आपल्याकडचेच रताळे. आणि ते सापडल्याचा आनंद मराठी बायका फोनवरून एकमेकींना सांगतात. त्याचे सूप फिकट होते आणि निवताच घट्ट बसते, म्हणून पाणी दीडपट घ्यावे आणि नारळाचे दूध थोडे कमी करावे. ज्या घरी दोन्ही प्रकार मिळतात तेथे निम्मे-निम्मे घालतात.