लॉटखालची एक ओळ

परवा रात्री जालावर एका लिलावाचा कॅटलॉग चाळत बसले होते. (घ्यायचं काही नसतं हो, पण बघायला पैसे पडत नाहीत.) एका लॉटपाशी थांबले. अथेन्सची लेकिथोस, म्हणजे तेल ठेवायची अरुंद गळ्याची सुरई, इसवी सनपूर्व ५०० च्या आसपासची. वीतभर उंच, तांबूस मातीवर काळे घोडे आणि रथ. अपेक्षित किंमत आमच्या फ्रिजपेक्षा कमी! झोपच उडाली.

वर्णनाच्या शेवटी मात्र एवढंच होतं: खाजगी स्विस संग्रह, १९८० चे दशक. तिथे मी अडले, कारण मला सार्पेडॉन आठवला.

सार्पेडॉन हा झ्यूसचा मुलगा, ट्रॉयच्या युद्धात पडलेला. निद्रा आणि मृत्यू हे दोघे भाऊ त्याचं रक्ताळलेलं शरीर अलगद उचलताहेत, असं चित्र युफ्रोनिओसने इ.स.पू. ५१५ च्या सुमारास एका मोठ्या क्रेटरवर, म्हणजे मद्यात पाणी मिसळायच्या भांड्यावर काढलं. पार्श्वभूमी काळी, आकृत्या मातीच्याच रंगाच्या. गंमत म्हणजे हा काळा रंग नव्हेच. बारीक गाळलेल्या चिकणमातीचा लेप, भट्टीत हवा कोंडली की काळा पडतो आणि पुन्हा हवा दिली तरी काळाच राहतो.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९७२ मध्ये हा क्रेटर १० लाख डॉलरना घेतला. त्यासाठी संग्रहातली जुनी नाणी विकायला काढली. विकणाऱ्याने सांगितलं होतं की भांडं बैरूतच्या एका व्यापाऱ्याच्या घराण्यात १९२० पासून होतं. प्रत्यक्षात ते १९७१ च्या डिसेंबरात रोमजवळच्या चेर्वेतेरीत, एका एट्रुस्कन थडग्यातून चोरून उकरलेलं होतं.

हे उघड व्हायला बरीच वर्षं लागली. १९९५ मध्ये जिनिव्हात जाकोमो मेदिची या व्यापाऱ्याच्या गोदामावर छापा पडला. तिथे हजारो फोटो सापडले. त्यांतली कित्येक भांडी तुकड्यांत होती, अंगावर माती तशीच. आणि लिलावाची युक्तीही उमगली: आपलाच माल विकायला ठेवायचा, आपणच बोली लावून परत घ्यायचा. वस्तू घरी परत येते, पण आता तिच्यामागे नामांकित लिलावाचा कागद असतो!

त्याच गोदामात युफ्रोनिओसचाच एक प्याला होता, त्यावरही सार्पेडॉनच. चांदीच्या सट्ट्यात बुडालेल्या हंट बंधूंचा संग्रह १९९० मध्ये लिलावात निघाला, तेव्हा मेदिचीने तो ७,४२,५०० डॉलरना घेतला होता. अडीच हजार वर्षं टिकलेला हा प्याला तपासाच्या काळात फुटला. क्रेटर २००८ मध्ये इटलीला परत गेला, आणि आता चेर्वेतेरीच्याच संग्रहालयात आहे.

असो. माझ्या सुरईचं काय? मी कागद मागणारी इमेल टाकली. १९७० मध्ये युनेस्कोचा करार झाला, त्याआधीची एखादी पावती, जुना फोटो, काहीही चालेल असं लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: आधीच्या मालकाचं नाव गोपनीय आहे.

मग आईला फोन केला. म्हटलं, अगं, असली भांडी अखंड सापडतात ती बहुतेक थडग्यांतच.

"म्हणजे कुणाच्या तरी मढ्यापाशी ठेवलेलं?" आई म्हणाली. "आणि ते तू दिवाणखान्यात मांडणार?"

मी म्हटलं, म्युझियमवालेही मांडतातच की. त्यावर ती म्हणाली, "त्यांच्याकडे कोण राहतं?"

लिलावाच्या दिवशी बोली लावली नाही. पान मात्र उघडं ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू. अपेक्षेच्या दुप्पट किमतीला कुणीतरी फोनवरून घेतली. कुठल्या थडग्यातली, शेजारी आणखी काय होतं, हे त्या घेणाऱ्यालाही कधी कळणार नाही. फोटो अजून माझ्या डेस्कटॉपवर आहे. डावीकडच्या घोड्याला पाचवा पाय आहे असं वाटतं, पण तो मागच्या घोड्याचा असावा.