चित्र एक, भाषा अनेक : ‘चांदोबा’, ‘किशोर’ आणि कुमारवयीन वाचक

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेत वाचनाच्या तासाचे मोल अधिक असते. घराचा उंबरा ओलांडला की रस्त्याची, बाजाराची आणि मैदानाची भाषा बदलते; मराठी पान उघडायला मुलाला काही तरी निमित्त लागते. आपली शाळा सुरू झाली त्या काळात अनेक घरांत हे निमित्त दरमहा येत असे आणि त्याचे नाव होते ‘चांदोबा’. त्यातील गोष्टींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्याच्या पानाच्या मांडणीविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. आमच्या पिढीला वाचनाकडे ओढून नेण्यात त्या मांडणीचा वाटा मोठा होता, असे मला वाटते.

‘चांदोबा’चे जन्मस्थान मद्रास. जुलै १९४७ मध्ये बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी तेलुगूत ‘चंदामामा’ आणि तमिळमध्ये ‘अंबुलिमामा’ सुरू केले. दोघेही चित्रपटसृष्टीतले; ‘पाताळभैरवी’ (१९५१) आणि ‘मायाबजार’ (१९५७) हे गाजलेले चित्रपट त्यांच्याच विजया संस्थेचे. १९४९ मध्ये कन्नड व हिंदी आवृत्त्या आल्या आणि १९५२ मध्ये मराठी ‘चांदोबा’ अवतरला. त्याच वर्षी तेलुगू साहित्यिक कोडवटिगंटी कुटुंबराव यांनी संपादनाची सूत्रे हाती घेतली, ती १९८० मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली.

एकच मासिक अनेक भाषांत काढायचे, तर मांडणीचा एक अवघड प्रश्न उभा राहतो. चित्र एकदाच काढले जाते, मजकुराची लांबी मात्र भाषेगणिक बदलते. त्यात प्रत्येक लिपीचे वळण वेगळे आणि खिळेही वेगळे. ‘चांदोबा’ने यावर साधा मार्ग काढला. चित्रात अक्षरे घालायची नाहीत आणि पात्रांच्या तोंडी संवादांचे फुगे द्यायचे नाहीत. चित्र आपल्या जागी स्थिर राहील आणि त्याच्या कडेने किंवा खालून त्या त्या भाषेचा मजकूर वाहील. ही सोय छापखान्याची होती, पण तिचा लाभ वाचकाला झाला. चित्राने प्रसंग आधीच उभा केलेला असल्याने एखादा शब्द अडला तरी गोष्ट अडत नसे. ज्याची मराठी कच्ची होती, त्या मुलाला हा आधार मोठा होता.

आम्हा बृहन्महाराष्ट्रातील मुलांना या मांडणीची आणखी एक गंमत अनुभवायला मिळाली. शेजारचा मित्र हिंदी ‘चंदामामा’ घेऊन येई. दोन्ही अंक शेजारी ठेवले की तोच राजा, तोच घोडा, तोच राजवाडा. लिपीही एकच, पण खालची वाक्ये वेगळी. आपली भाषा दुसरीच्या बरोबरीने उभी आहे, हे त्या वयात कोणी सांगून पटले नसते. दोन अंकांनी ते डोळ्यांना दाखवले.

चित्रकारांत एम. टी. व्ही. आचार्य, ‘चित्रा’, वड्डादि पापय्या आणि शंकर ही नावे प्रमुख आहेत. मद्रासच्या कलाशाळेत शिकलेले के. सी. शिवशंकरन म्हणजेच शंकर १९५२ मध्ये ‘चंदामामा’त आले. खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेऊन निघालेला विक्रम राजा, हे त्यांचे चित्र विक्रम-वेताळाच्या कथेवर वर्षानुवर्षे झळकत राहिले. मूळ वेताळकथा पंचवीस आहेत आणि अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागर’ात त्या आढळतात. मासिकाने त्याच चौकटीत नव्या कथा बसवून ती परंपरा कितीतरी पुढे नेली. आरंभ ठरलेला, चित्र ओळखीचे, कथा मात्र दर महिन्याला नवी. ओळखीच्या दारातून अनोळखी घरात शिरण्याचे धैर्य मुलांना यातूनच मिळाले. शेवटी वेताळ प्रश्न विचारी आणि उत्तर वाचण्याआधी आम्ही पानावर हात ठेवून वाद घालत असू. शंकर यांचे २०२० मध्ये निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर ‘पद्मश्री’ जाहीर झाली.

अंकात दोन छायाचित्रे देऊन त्यांना साजेशा जोडओळी वाचकांकडून मागवल्या जात. निवडलेल्या ओळींसह विजेत्याचे नाव छापून येई. पानाचा एक कोपरा वाचकासाठी मोकळा ठेवल्याने तो कोपरा आपलाही होऊ शकतो, ही आशा प्रत्येक मुलाच्या मनात राही.

तरीही या मांडणीला मर्यादा होत्या. बाराव्या-तेराव्या वर्षी मूल राजा-राणीच्या साच्यातून बाहेर पडू लागते. गोष्ट कोणी लिहिली, असे ते विचारते, आणि ‘चांदोबा’तील बहुतेक गोष्टींवर लेखकाचे नाव नसे. चित्रकाराची सही तेवढी चित्राच्या कोपऱ्यात दिसे. कुमारवयाची ही भूक ओळखून पुण्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे ‘बालभारती’ने, नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘किशोर’ सुरू केले. नावातच वाचकाचे वय होते. वसंत शिरवाडकर त्याचे पहिले संपादक. येथे कथा, कविता, विज्ञान आणि कोडी एकाच अंकात नांदत आणि शीर्षकाशेजारी लेखकाचे नाव असे. तेवढ्या एका ओळीने किशोरवयीन वाचकाला कळते की लिहिणारे हे जिवंत माणूस असते, आणि उद्या त्या जागी आपलेही नाव येऊ शकते.

याचा परिणाम आपल्या शाळेतही दिसला. वर्गावर्गांतून निघणाऱ्या हस्तलिखितांत समास आखलेले असत, शीर्षकाभोवती वेलबुट्टी असे, आणि लेखकाचे नाव शाईने ठळक काढलेले असे. शुद्धलेखनाला कंटाळणारी मुले त्या पानासाठी तीन-तीनदा मजकूर उतरवून काढत, कारण पान देखणे व्हायला हवे होते. त्या देखणेपणाच्या हट्टापायी त्यांची मराठी सुधारली, हे शिक्षकांनीही मान्य केले होते.

‘चांदोबा’चे प्रकाशन २०१३ च्या सुमारास थांबले. ‘किशोर’ आजही निघते आणि त्याचे जुने अंक संगणकावर पाहता येतात. आजची मुले पडद्यावर वाचतात, याची खंत करीत बसण्याचे कारण नाही. त्यांच्यासमोर आपण मराठीचे कोणते पान ठेवतो, हे मात्र पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी पाहिले पाहिजे. लहान टायपात दाटीवाटीने छापलेले, चित्राविना दिलेले मराठी पुस्तक मूल बाजूला सारते, तेव्हा भाषेने नव्हे, पानाने त्याला परतवलेले असते. हीरक महोत्सवी वर्षात शाळेचे हस्तलिखित पुन्हा सुरू व्हावे आणि त्याची मांडणी मोठ्यांनी न करता आठवी-नववीच्या मुलांवर सोपवावी, एवढीच एका जुन्या वाचकाची विनंती आहे.