दऱ्या, दर्या आणि युनिक्स

'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला भेद बीड जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला समजावून सांगावा लागत नाही. बालाघाटाच्या दऱ्या त्याच्या परिचयाच्या. दर्या फार दूर. मात्र एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाताना हा भेद पुसला गेलेला आम्ही पाहिला आहे. ग्रामीण कादंबरीवरच्या एका प्रबंधिकेतला 'शेतकऱ्यांचा' हा शब्द लिनक्सच्या संगणकावर पानोपानी रफार घेऊन 'शेतकर्यांचा' असा उमटला. टंकनदोष म्हणून आम्ही आधी विद्यार्थ्यालाच बोल लावला. तो आमचा अन्याय होता.

या दोषाचे मूळ स्थलांतराच्या इतिहासात आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी आरंभलेली युनिक्स प्रणाली प्रथम एका यंत्राच्या बोलीशी बांधलेली होती. १९७३ मध्ये ती 'सी' भाषेत नव्याने लिहिली गेली आणि पुढे इतर यंत्रांवर नेता आली. स्थलांतराबरोबर पाठभेदही आले. बर्कली विद्यापीठाची युनिक्स वेगळी, व्यापारी कंपन्यांच्या वेगळ्या. १९८८ च्या 'पॉसिक्स' मानकाने त्यांना किमान समान व्याकरण दिले. १९९१ पासून 'ऑटोकॉन्फ'सारखी साधने आली. त्यांच्यामुळे आज्ञावली आधी यजमान प्रणालीत कोणत्या सोयी आहेत हे तपासते, मग स्वतःला त्याप्रमाणे घडवते.

मराठीच्या वाट्याला याखेरीज आणखी एक पाठभेद आला. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९९६) चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' मिळवण्यासाठी 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा क्रम होता. पुढे भारतीय मानकाला अनुसरून 'ऱ' आणि हलन्त हा क्रम आला. जुनाही ग्राह्य राहिला. दिसायला एकच अक्षर, साठवणीत दोन. वाटेत ते जोडचिन्ह गळाले, की शेतकऱ्याच्या डोक्यावर रफार चढतो.

लिनक्सवर अक्षरे जुळवणारी आज्ञावलीही दुभंगलेली होती. 'फ्रीटाइप' प्रकल्पातील एकाच मुळापासून 'पँगो' आणि 'क्यूटी' यांत दोन शाखा वाढल्या. पुढे 'हार्फबझ'मध्ये त्या एकत्र आल्या. आज फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड यांतली मराठी अक्षरे तीच जुळवते.

मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला दाखवली जाते. त्यांच्या 'विवेकसिंधू'ची स्वहस्तलिखित प्रत मात्र उपलब्ध नाही. लेखनिकांच्या हातून त्याची भाषा अर्वाचीन होत गेली. कोणी, कोठे, काय बदलले याची नोंद उरली नाही. खुल्या आज्ञावलीचे प्रकल्प प्रत्येक फेरफार नोंदवून ठेवतात, आणि चूक दाखवण्याचा अधिकार वाचकाला असतो. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आम्हाला हे महत्त्वाचे वाटते. आता प्रबंधिका टंकित करण्यापूर्वी आम्ही विद्यार्थ्यांना 'ऱ'ची कळ दाखवतो.