पेलेट बॉयलर, घरगुती

थंड देशांत रेडिएटरमधले पाणी तापवण्यासाठी तेल किंवा वायूऐवजी दाबलेल्या लाकडी भुशाच्या कांड्या, म्हणजे पेलेट, जाळणारे यंत्र. कांडी साधारण ६ मिलिमीटर जाड असते. दाबताना तापलेल्या लाकडातले लिग्निन मऊ होते आणि तेच भुसा बांधून ठेवते. ओलावा १० टक्क्यांच्या आत असावा लागतो. सुमारे २ किलो पेलेट १ लिटर तेलाइतकी उष्णता देतात.

प्रसार : लाकूड-गिरण्यांचा भुसा मुबलक असलेला ऑस्ट्रिया हे या यंत्राचे माहेरघर मानता येईल. वरचा ऑस्ट्रिया या प्रांतातल्या ओकोफेनने १९९७ मध्ये पेलेट बॉयलर बाजारात आणला. फ्रोलिंग, हारगास्नर आणि गुंटामाटिक हे उत्पादकही त्याच प्रांतातले. २०२० पासून ऑस्ट्रियात नव्या घरांत तेलाचा बॉयलर बसवण्यास बंदी आहे.

बदल : आधी घराची उष्णतेची गरज मोजतात. भिंती, छप्पर आणि खिडक्यांतून होणारी गळती थांबवली की लहान बॉयलर पुरतो. जुन्या बॉयलरच्या पाटीवरचा आकडा पाहून तेवढाच नवा घेणे ही नेहमीची उधळपट्टी. धुराड्याला बहुधा आतून ओल सोसणारी नळी घालावी लागते. बॉयलर वारंवार पेटू-विझू नये म्हणून बऱ्याच ठिकाणी गरम पाण्याची साठवण टाकी जोडतात. प्रज्वलन, इंधनपुरवठा आणि राख झाडणे स्वयंचलित असते. राखेचा डबा मात्र माणसालाच रिकामा करावा लागतो.

कोठार : खरा प्रश्न जागेचा, आणि माहितीपत्रकांत नेमका तोच शेवटच्या पानावर ढकललेला असतो. वर्षाला ३,००० लिटर तेल जाळणाऱ्या घराला सुमारे ६ टन पेलेट लागतात. घनमीटरला ६५० किलो धरले तर हे ९ घनमीटरच्या वर जाते, म्हणजे तेलाच्या तिपटीहून जास्त. त्यातून तळाला उतार दिला की त्याखालची जागा वाया जाते. म्हणून तेलाची टाकी कापून बाहेर काढायची आणि तिच्याच खोलीत पेलेट भरायचे, अशी तिकडची रूढ रीत आहे. ओल चालत नाही. भिजलेले पेलेट फुगून पुन्हा भुसा होतात. टँकर नळीतून हवेच्या जोराने माल आत फुंकतो आणि दुसऱ्या नळीने धुळकट हवा ओढून घेतो. समोरच्या भिंतीवर आपटून कांड्यांचा चुरा होऊ नये म्हणून तिथे रबरी पडदा टांगलेला असतो. कोठारातून बॉयलरपर्यंत माल स्क्रू कन्व्हेयरने किंवा हवेच्या ओढीने जातो. धूळ पेटू नये म्हणून खोलीत विजेचे बटण वा सॉकेट ठेवत नाहीत. ताज्या पेलेटमधून, लाकडातल्या स्निग्धाम्लांच्या ऑक्सिडीकरणामुळे, कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला वास नसतो, आणि बंद कोठारात शिरलेली माणसे त्याने दगावली आहेत. त्यामुळे भरण्याच्या नळ्यांच्या तोंडांना वायुवीजन असलेली झाकणे बसवावीत आणि आत जाण्यापूर्वी दार उघडून हवा खेळू द्यावी.

राख : उत्तम दर्जाच्या मालात ०.७ टक्क्यांपर्यंत.

दर : स्थिर असल्याची ख्याती, पण तिला दोनदा तडा गेला. २००६ च्या भाववाढीनंतर ऑस्ट्रियात २००७ मध्ये बॉयलरची विक्री कोसळली. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर भाव पुन्हा भडकले.

पर्यावरण : कर्बउत्सर्जनाच्या हिशेबाबाबत मतभेद आहेत.

अनुदान : ऑस्ट्रियातली संघीय बॉयलर-बदल योजना २०२४ च्या अखेरीस निधी संपल्याने थांबली. उत्तर आयर्लंडमध्ये २०१२ साली मुख्यतः व्यवसायांसाठी सुरू झालेल्या योजनेत अनुदान इंधनाच्या खर्चाहून जास्त पडत होते. जितके जाळाल तितकी कमाई. या वादात जानेवारी २०१७ मध्ये उपप्रथममंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला. चौकशी अहवाल मार्च २०२० मध्ये आला.

महाराष्ट्र : पेलेट आणि शेतकचऱ्याचा ‘पांढरा कोळसा’ येथे कारखान्यांच्या बॉयलरसाठी वापरतात.