किलकोलमनच्या गढीतला पराक्रम

इंग्रजीत ‘डेरिंग-डू’ असा एक जुनाट शब्द आहे. अर्थ मर्दुमकी, जिवावर उदार होऊन गाजवलेला पराक्रम. मुळात मात्र हा एक शब्द नव्हताच. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ या काव्यात आपल्या नायकाची थोरवी सांगताना ‘वीराला शोभेल ते करायला धजणे’ अशा अर्थाने दोन साधी क्रियापदे शेजारी ठेवली होती. त्याच्यानंतरचा कवी लिडगेट याने ती उचलली, सोळाव्या शतकातल्या छापील प्रतींत त्यांची अक्षरे बिघडली आणि कवी एडमंड स्पेन्सर ते नाम समजून बसला. १५७९ साली ‘द शेफर्ड्स कॅलेंडर’मध्ये त्याने ते वापरले. सोबतच्या टिपांत ‘ई. के.’ या आद्याक्षरांनी लिहिणाऱ्या भाष्यकाराने अर्थही नोंदवला: पौरुष आणि शौर्य.

पुढच्याच वर्षी स्पेन्सर आयर्लंडला आला, तो राणी एलिझाबेथचा तिथला प्रतिनिधी लॉर्ड ग्रे याचा चिटणीस म्हणून. त्याच नोव्हेंबरात डिंगल द्वीपकल्पावर स्मेरिकच्या किल्ल्यात पोपने पाठवलेले इटालियन आणि स्पॅनिश सैनिक ग्रेला शरण आले. शस्त्रे खाली ठेवलेल्या सुमारे सहाशे माणसांची त्याने कत्तल करवली. स्पेन्सरने या कृत्याचे पुढे लेखी समर्थन केले.

हे सैनिक ज्याच्या मदतीला आले होते, ते आयर्लंडच्या मन्स्टर प्रांतातले डेसमंडच्या अर्लचे बंड १५८३ मध्ये त्याच्या हत्येनंतर संपले. त्याच्या अफाट जमिनी जप्त झाल्या आणि इंग्लंडहून आणलेल्या वसाहतवाल्यांना वाटून दिल्या गेल्या. स्पेन्सरच्या वाट्याला कॉर्क काउंटीतली किलकोलमनची गढी आणि सुमारे तीन हजार एकर जमीन आली. ‘द फेअरी क्वीन’ या महाकाव्याचा मोठा भाग त्याने आयर्लंडमध्येच लिहिला. १५८९ साली राणीचा दरबारी वॉल्टर रॅली या गढीवर येऊन गेला. काव्याची पहिली तीन पर्वे १५९० मध्ये आणि पुढची तीन १५९६ मध्ये छापली गेली. आयर्लंडच्या नद्या त्यात प्रेमाने वाहतात, ‘डेरिंग-डू’ गाजवणारे सरदारही त्यात आहेत, आणि न्यायाचा कैवारी सर आर्टेगल हा तर लॉर्ड ग्रेवरच बेतलेला आहे.

त्याच सुमारास स्पेन्सरने आयर्लंडच्या स्थितीवर एक गद्य संवाद लिहिला. दुष्काळाने खंगलेली मन्स्टरची माणसे रानातून हातांवर सरपटत बाहेर येतात आणि मिळेल तो पाला, प्रसंगी मेलेल्यांचे मांसही खातात, हे दृश्य त्यात आहे. ते वाचताना अंगावर काटा येतो. त्याहून भयंकर हे की अशी उपासमार हा बंड मोडण्याचा मार्ग म्हणून तिथे सुचवला आहे. तरी याच संवादात आयरिश शिपाई थंडी, भूक आणि कष्ट सोसणारा, शूर गडी आहे, अशी कबुलीही येते. शौर्य स्पेन्सरला दिसत होते. ज्यांच्या भूमीवर बसून तो लिहीत होता, त्यांच्या शौर्याला त्याने महाकाव्यात मानाची जागा मात्र दिली नाही. हा दोष केवळ काळाचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याने सारे डोळ्यांनी पाहिले होते.

ऑक्टोबर १५९८ मध्ये आयरिश सरदार ह्यू ओनील याच्या उठावाचा वणवा मन्स्टरला पोहोचला आणि बंडखोरांनी किलकोलमन जाळले. स्पेन्सर जानेवारी १५९९ मध्ये लंडनला वारला. डोनरेलजवळ दलदलीच्या काठी त्या गढीचे अवशेष आजही आहेत. ‘डेरिंग-डू’ हा शब्द पुढे दोन शतके जवळपास विसरला गेला होता. वॉल्टर स्कॉटने ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीत तो पुन्हा वापरला आणि तिथून तो साहसकथांत रुळला.

स्पेन्सरचा तो संवाद १६३३ मध्ये डब्लिनला छापला गेला. टिपररीचा धर्मगुरू आणि इतिहासकार जेफ्री कीटिंग याने त्याच सुमारास आयरिश भाषेत आयर्लंडचा इतिहास पुरा केला. त्याच्या प्रस्तावनेत स्पेन्सरचे नाव घेऊन त्याचा समाचार घेतला आहे. अनेक जुन्या आयरिश घराण्यांचे मूळ स्पेन्सरने इंग्लंडात दाखवले होते. कीटिंगने ते खोडून काढले आणि विचारले की, ज्यातले काही कळत नाही त्यात हात घालायला हा माणूस धजला तरी कसा. कवी असल्यामुळे कल्पनेने रचण्याची मुभा त्याने घेतली असावी, असेही कीटिंग म्हणतो.