कोणाच्या पोटाला कोणते पान?

शंखात राहणारा खेकडा काचेच्या पेटीत पाळण्याची हौस अलीकडे काही घरांत आणि शाळांत दिसते. इंग्रजीत याला 'हर्मिट क्रॅब' म्हणतात. मराठीत कोणी 'संन्यासी खेकडा' म्हणतात, तर कोणी 'शंखवासी'. पेटीत ओलसर वाळू घातली, गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या वाट्या ठेवल्या, चार रिकामे शंख टाकले, की पुढचा प्रश्न येतो. याला चढायला फांदी कोणत्या झाडाची द्यायची, आणि खायला पाला कोणता? गोरेगावच्या आरे कॉलनीसारख्या ठिकाणी झाडी दाराशीच असते. मुले हाताला लागेल ती डहाळी घेऊन येतात आणि विचारतात, "ही विषारी नाही ना?"

हा प्रश्न अपुरा आहे. 'विषारी' हा शब्द आपण झाडाच्या नावापुढे कायमचा चिकटवतो. पण पान कोणी खाल्ले, कधी खाल्ले आणि ते कोणत्या पोटात गेले, हे ठरल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. माणसाला हे कळत गेले ते बांधून ठेवलेल्या जनावरांमुळे. त्यासाठी आरेपासूनच सुरुवात करू.

बांधलेल्या जनावराची निवड

मुंबई शहरातील तबेले वस्तीबाहेर हलवावेत आणि शहराला स्वच्छ दूध मिळावे, या हेतूने दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये आरे दूध वसाहत उभी राहू लागली. १९५१ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सुमारे १,२८७ हेक्टरांच्या या परिसरात तीसहून अधिक 'युनिटां'मध्ये सुमारे १६ हजार जनावरांची सोय करण्यात आली. या कामाच्या पुढच्या टप्प्यावर, १९६३ मध्ये, खुरोडींना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

रानात चरणारी म्हैस एका गवताला तोंड लावते, दुसरे सोडते, तिसऱ्याचा नुसता शेंडा खाते. तबेल्यात बांधलेली म्हैस दावणीत पडेल ते खाते. म्हणजे निवड करण्याचे काम जनावराकडून माणसाकडे येते. आरेत पारा गवताची लागवड झाली, ती अशा निवडीतूनच. हे गवत मूळचे आफ्रिकेतले. त्याचे नाव मात्र ब्राझीलमधील पारा या प्रदेशावरून पडले. पाणथळ जमिनीत, गोठ्याच्या सांडपाण्यावर ते जोमाने वाढते. पण जोमाने वाढलेला चारा नेहमीच निर्धोक असतो असे नाही. फार नत्र मिळालेल्या चाऱ्यात नायट्रेट साठू शकते. जनावराच्या पोटात त्याचे नायट्राइट झाले, की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते.

एकच झाड, दोन वये

आपल्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळ्या रूपात फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेले धुमारे जनावराने खाल्ले, की 'किराळ लागली' म्हणतात. जनावर पाहता पाहता आडवे होते. तीच ज्वारी पक्व होऊन तिचा कडबा झाला, की जनावरांचे पोट त्याच्यावरच चालते. याचे रासायनिक उत्तर १९०२ मध्ये इंग्लंडमध्ये मिळाले. डन्स्टन आणि हेन्री या रसायनशास्त्रज्ञांनी कोवळ्या ज्वारीतून एक पदार्थ वेगळा केला. ज्वारीच्या अरबी नावावरून त्याला 'धुरिन' म्हणतात. पान चावले गेले, की धुरिनचे विघटन होऊन हायड्रोजन सायनाइड सुटते. झाडाचे वय वाढते तसे पानांतले त्याचे प्रमाण कमी होत जाते. पहिला धडा असा, की झाडाचे नाव पुरेसे नाही, त्याचे वयही विचारले पाहिजे.

एकच पान, दोन पोटे

दुसरा धडा सुबाभळीने शिकवला. मध्य अमेरिकेतले हे झाड. त्याच्या झपाट्याने वाढणाऱ्या हवाई बेटांतील जाती १९७०च्या दशकात भारतात आणून पसरवण्यात पुण्याजवळच्या उरुळी कांचन येथील 'बाएफ' या संस्थेचा मोठा वाटा होता. ती संस्था मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केली. प्रथिनांनी भरलेला पाला आणि वर जळणालाही लाकूड, असे हे झाड होते.

पण या पाल्यात मायमोसीन नावाचे एक अमिनो आम्ल असते. घोड्याने तो पाला फार खाल्ला, तर त्याचे केस गळतात. ऑस्ट्रेलियात गाईगुरांना त्यामुळे गलगंडाचा त्रास होऊ लागला, कारण पोटातले जंतू मायमोसीनपासून जो पदार्थ बनवत, तो अवटू ग्रंथीच्या कामात अडथळा आणी. हवाईतल्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत होत्या. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले, की फरक शेळीत नसून तिच्या पोटातल्या जंतूंत आहे. हवाईच्या शेळ्यांच्या पोटातले जंतू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले, तेव्हा त्यांनाही पाला पचू लागला. १९९२ मध्ये त्या जीवाणूला 'सिनर्जिस्टीस जोन्सी' हे नाव देण्यात आले.

उंदीरमारीचे, म्हणजे ग्लिरिसिडियाचे, उदाहरण याच जातीचे आहे. तिचा पाला गुरांना चारा म्हणून चालतो. पण लॅटिन आणि मराठी या दोन्ही नावांत उंदरांचा जीव घेणे आहे.

कात टाकणारा प्राणी

आता आपल्या खेकड्याकडे येऊ. तो रवंथ करत नाही आणि त्याला कणाही नाही. सांधेदार पायांचा हा प्राणी नात्याने म्हशीपेक्षा टोळाला कितीतरी जवळचा आहे. जमिनीवरचे शंखवासी खेकडे गळलेली पाने, फळे, मेलेले जीव असे जे मिळेल ते खातात, आणि ते पट्टीचे चढणारे असतात. इंडोनेशियातील अंबोन बेटावर राहणारे निसर्ग-अभ्यासक रुम्फियस यांचा ग्रंथ १७०५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी तक्रार केली आहे, की उंच बाकावर वाळत ठेवलेले सुंदर शंख हे खेकडे रात्री चढून पळवतात आणि स्वतःचे जुने शंख मागे ठेवून जातात. म्हणजे पेटीतली फांदी ही शोभेची वस्तू नव्हे, ती त्याची गरज आहे.

या प्राण्याच्या आयुष्यातली सर्वांत नाजूक घटना म्हणजे कात टाकणे. वाढायचे तर जुने कवच उतरवावेच लागते, आणि हे सारे एका संप्रेरकाच्या हुकमाने चालते. १९५४ मध्ये जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी सुमारे ५०० किलो रेशीमकिड्यांच्या कोषांतून या संप्रेरकाचे अवघे २५ मिलिग्रॅम स्फटिक मिळवले. त्याचे नाव एक्डायसोन. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅम्पशायर आणि हॉर्न यांनी शेवंडांच्या सुमारे एक टन मालातून त्याचे जवळचे भावंड मिळवले, तेही दोनच मिलिग्रॅम. किडा आणि कवचधारी यांचा हुकूम एकाच भाषेतला होता. त्याच वर्षी जपानमध्ये नाकानिशी यांच्या गटाला एका झाडाच्या पानांत याच कुळातली संयुगे आढळली, आणि प्राण्यांतल्यापेक्षा कितीतरी अधिक. कात टाकण्याचा हुकूम वनस्पतीही लिहू शकतात, हे तेव्हा कळले.

त्यानंतर ही संयुगे जगभर शोधली जाऊ लागली. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील बॅनर्जी आणि चढ्ढा यांनी १९७० मध्ये आघाड्यात असे संप्रेरक असल्याचे प्रसिद्ध केले. हाच आघाडा गणपतीच्या पत्रीत असतो आणि पावसाळ्यात मुंबईच्या उपनगरांत रस्त्याच्या कडेला उगवतो. पुष्कळ पानखाऊ किडे अशी संयुगे पोटातच मोडून टाकतात. पण सर्वांनाच ते जमत नाही.

कडुनिंबाची गोष्टही अशीच. शेळी त्याचा पाला आवडीने खाते, आपण काडीने दात घासतो. पण १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की निंबोळीच्या गराचे पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत. १९६८ मध्ये त्यातले ॲझाडिरॅक्टिन वेगळे करण्यात आले. ते किड्यांच्या कात टाकण्याच्या व्यवस्थेतच बिघाड करते. 'औषधी झाड आहे, चालेल' हा आपला नेहमीचा निवाडा इथे उलटा पडू शकतो.

पेटीत काय ठेवावे?

यावरून शिक्षकांना काही नियम बांधता येतात. गुरांच्या, पक्ष्यांच्या किंवा माणसांच्या 'बिनविषारी' यादीवर खेकड्यासाठी विसंबू नये. कडुनिंब, आघाडा आणि शेवंतीच्या जातीची कीटकनाशक फुले टाळावीत. रुई, कण्हेर, शेर, चाफा अशी चिकाची झाडे दूर ठेवावीत. देवदार-पाइनचे राळयुक्त लाकूड आणि पॅकिंगची खोकी वापरू नयेत. खोडाला गेरू-चुना फासलेला असेल, किंवा जवळपास डासांसाठी धुरळणी वा बागेत फवारणी होत असेल, तर त्या झाडाची फांदी घेऊ नये. कीटकनाशक किडा आणि खेकडा यांत भेद करत नाही.

नारळाची करवंटी व काथ्या, फवारणी न झालेल्या आंब्याची वाळकी फांदी, शेवग्याचा पाला, घरच्या कुंडीतली जास्वंदीची फुले यांपासून सुरुवात करावी. फांदी गळून पडलेली आणि वाळलेलीच घ्यावी. शहरी भागातील झाडांना १९७५च्या महाराष्ट्र कायद्याने संरक्षण आहे. आरेतली हिरवी फांदी तोडणे मुलांना शिकवू नये. आणलेली फांदी उकळत्या पाण्यात भिजवून कडक उन्हात वाळवावी. पेटीतल्या दमटपणाने तिला बुरशी धरली, तर ती लगेच काढावी.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला दिसणारे शंखवासी खेकडे समुद्रातले आहेत. त्यांना जमिनीवरच्या पेटीत घालणे म्हणजे मारणे. आणि जमिनीवरच्या जातींची पिल्लेही समुद्रातच वाढतात. घरच्या पेटीत त्यांची वीण जवळजवळ होत नाही; म्हणून विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक खेकडा किनाऱ्यावरून उचललेला असतो. नवीन विकत घेऊ नये; शाळेत आधीच असेल, तर तो नीट जगवावा.

त्यासाठी एक साधा प्रयोग सुचवतो. रॉबर्ट थॅकर यांनी १९९६ मध्ये पनामाच्या किनाऱ्यावरच्या शंखवासी खेकड्यांबद्दल प्रसिद्ध केले, की हे खेकडे नुकतेच खाल्लेले अन्न टाळून दुसऱ्याकडे वळतात. पेटीच्या तीन कोपऱ्यांत तीन निर्धोक पदार्थ ठेवा. खेकडा कशाकडे जातो, याची रोज रात्री आणि सकाळी मुलांकडून नोंद ठेवून घ्या. पंधरा दिवसांत वहीत जी यादी तयार होईल, ती आपली नसेल, त्याची असेल. बांधून ठेवताना आपण त्याच्याकडून निवड काढून घेतली होती. तिचा थोडा भाग तरी त्याला असा परत देता येतो.