पाच वाव पाणी : रांपणकारांच्या लढ्याची आठवण

गणपती पोहोचवून आलो की दुसऱ्या दिवशी सकाळी मासळी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. श्रावणभर सोवळे पाळलेली आपली मंडळी पिशव्या घेऊन उभी असतात आणि बांगड्याचा भाव ऐकून दरवर्षी तेवढीच कुरकुरतात. त्याआधी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, हे आपण पावसाइतकेच गृहीत धरले आहे. परंतु ही बंदी कुणीतरी मागून, भांडून, उपोषणाला बसून मिळवलेली आहे. सरकारला ती आपणहून सुचली नव्हती, हे मी सरकारी नोकर असूनही लिहितो. ज्यांनी ती मिळवली ते आपल्या गोव्याचे रांपणकार. त्यांची हकीकत आपल्या मुलांना ठाऊक असावी, म्हणून हा लेख.

माझे आजोळ मालवणजवळचे. तिकडे 'रापण' म्हणतात, इथे 'रांपण'. लहानपणी मे महिन्यात आजोळी गेलो की रापणीचा दोर ओढायला आम्हा पोरांची धावपळ असे. आमच्या ओढण्याने जाळे तसूभरही पुढे येत नसणार, पण शेवटी ओंजळभर तारले हातात पडत. दोराला हात लावला त्याचा वाटा, हा तिथला कायदाच होता.

रांपणीचे काम ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. किनाऱ्यावर एक जाणता माणूस पाण्याच्या रंगावरून आणि पक्ष्यांच्या घिरट्यांवरून मासळीचा थवा हेरतो. मग होडी जाळे सोडत सोडत अर्धवर्तुळ घेऊन पुन्हा किनाऱ्याला लागते. हे जाळे किलोमीटरभर, कधी त्याहूनही लांब असते. दोन्ही टोके किनाऱ्यावर, आणि तीसचाळीसपासून शंभरापर्यंत माणसे ती ओढत आणतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात : होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्यांचा. विकायचे काम बायकांकडे. फारच मासळी आली तर खारवायची, त्यातूनही उरली तर माडांच्या मुळाशी खत म्हणून जायची. म्हणजे एका रांपणीवर अख्खा वाडा जगत असे, आणि शेजारच्या बागाईतदाराचे माडसुद्धा.

यात आणखी एक गोष्ट होती जी त्या काळी कुणी लिहून ठेवली नाही, कारण गरज नव्हती. रांपण किनाऱ्याला आलेलीच मासळी धरते, मासळीच्या मागे खोल समुद्रात जात नाही. पावसाळ्यात तर समुद्र बंदच. आपल्या कोळी-गाबितांत नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावाचून होडी लोटत नसत. गोव्यातले ख्रिस्ती मच्छीमार 29 जूनला, ऐन पावसात, होड्या एकत्र बांधून सांगडाचा सण करतात. धर्म वेगळे, पण सुट्टी एकच. हाच काळ पुष्कळशा मासळीच्या विणीचा असतो, हे शास्त्रज्ञांनी नंतर सांगितले.

आता ट्रॉलरकडे येऊ. भारतात ट्रॉलरची सुरुवात 1953 नंतर केरळात, नॉर्वेच्या मदतीने चाललेल्या प्रकल्पातून झाली. मूळ हेतू मच्छीमारांची गरिबी हटवणे हा होता. पण जपान-अमेरिकेत कोळंबीला सोन्याचा भाव मिळतो हे कळल्यावर सगळी चक्रे त्या दिशेने फिरली. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला आणि दोन-तीन वर्षांतच इथेही सरकारी कर्ज-अनुदानावर यांत्रिक बोटी आल्या. घेणारे पुष्कळसे धंद्याबाहेरचे लोक होते, कारण रांपणकाराकडे तारण ठेवायला काय असणार?

ट्रॉलरचे जाळे पिशवीसारखे असते आणि ते तळ खरवडत जाते. कोळंबी सापडते ती उथळ, गाळाच्या पाण्यात, म्हणजे नेमकी जिथे रांपण पडते तिथे. त्यामुळे ट्रॉलर किनाऱ्याला खेटून फिरू लागले. बारीक आसाच्या जाळ्यात पिल्ले, अंडी, शिंपले सगळे येई. कोळंबी ठेवायची आणि बाकीचे समुद्रात फेकून द्यायचे, असा प्रकार. रांपणकारांची जाळी वरून बोट गेल्याने फाटत. एक जाळे म्हणजे साऱ्या वाड्याची पुंजी, ती एका रात्रीत गेली की भरपाई कुणाकडे मागायची?

1970 नंतरच्या त्या वर्षांत किनाऱ्यावर मारामाऱ्या आणि जाळपोळ सुरू झाली. हे केवळ गोव्यात नव्हते. तामिळनाडूत तर माणसे मेली. इथे 'गोंयच्या रांपणकारांचो एकवोट' उभा राहिला, आणि माथानी साल्ढाणा हे शिक्षक त्याचे नेते झाले. मोर्चे, धरणी, साखळी उपोषणे असे ते आंदोलन वर्षानुवर्षे चालले. त्यांची मागणी ऐकायला अगदी साधी होती. ट्रॉलर बंद करा, असे ते म्हणत नव्हते. किनाऱ्यालगतचे उथळ पाणी आमच्यासाठी आणि मासळीच्या पिल्लांसाठी राखून ठेवा, आणि पावसाळ्यात बोटी बंद ठेवा, एवढेच. 1978 मध्ये देशभरच्या पारंपरिक मच्छीमारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्या उभारणीतही साल्ढाणा आघाडीवर होते. म्हणजे आपल्या या जेमतेम शंभर किलोमीटर किनाऱ्याच्या मुलखातल्या माणसांनी देशाच्या चळवळीला नेतृत्व दिले.

केंद्राने 1976 मध्ये मजुमदार समिती नेमली होती. तिच्या अहवालानंतर 1979 मध्ये एक नमुना विधेयक राज्यांकडे पाठवण्यात आले. पहिल्यांदा कायदा करणाऱ्यांत केरळ आणि आपला तेव्हाचा केंद्रशासित प्रदेश होता. 'गोवा, दमण आणि दीव सागरी मासेमारी नियमन कायदा, 1980' असे त्याचे नाव. महाराष्ट्राने 1981 मध्ये आपला कायदा केला. गोव्यात पाच वाव खोलीपर्यंतच्या पाण्यात यांत्रिक बोटींना मज्जाव झाला. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते ते अंतर, सुमारे सहा फूट. पाच वाव म्हणजे तीस फूट पाणी. माणसाच्या हाताने मोजायचे हे माप अखेर राजपत्रात आले, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

बोटमालक ठिकठिकाणी न्यायालयांत गेले. केरळातल्या पर्ससीन बंदीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, आणि पारंपरिक मच्छीमारांचे पोट राखण्यासाठी घातलेले असे निर्बंध योग्य असल्याचे 1993 मध्ये न्यायालयाने म्हटले. पावसाळी बंदीचे दिवस राज्याराज्यांत वेगवेगळे होते आणि ते कमी करण्यासाठी खटपटी चालत. 2015 पासून पश्चिम किनाऱ्यावर ती 61 दिवसांची झाली.

कायदा झाला, पण तो पाळून घेणार कोण? मी डिप्लोमा करून नोकरीला लागलो त्याला वीस वर्षे होऊन गेली. एवढ्या काळात एक गोष्ट शिकलो. ज्या नियमाच्या मागे माणूस, वाहन आणि डिझेल नाही, तो नियम फाइलीत सुखाने राहतो. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त सासष्टीच्या किनाऱ्यावर जाणे झाले होते. तिथल्या एका म्हाताऱ्या रांपणकाराने मला हसत विचारले होते की पाच वाव कायद्यात आहेत, पण समुद्रात त्याची रेघ कुणी आखली आहे? मी साहेब म्हणून गेलो होतो आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. रात्री बोट आत आली तर ती पकडायला गस्तीची नौका लागते, आणि ती पोहोचेपर्यंत बोट पुन्हा खोल पाण्यात गेलेली असते.

शिवाय भांडणाचे स्वरूप बदलले आहे. ट्रॉलरनंतर पर्ससीन आले, ज्यात बांगड्याचा आणि तारल्याचा थवाच्या थवा किनाऱ्याला येण्याआधीच उचलला जातो. आता प्रखर एलईडी दिवे लावून रात्री मासळी गोळा करतात. केंद्राने 10 नोव्हेंबर 2017 रोजी या दिव्यांवर बंदी घातली. पण राज्याचा अधिकार 12 सागरी मैलांपर्यंत आणि पलीकडे केंद्राचा, त्यामुळे तक्रार घेऊन गेलेल्या मच्छीमाराला दोन्हीकडचे दरवाजे दाखवले जातात. मालवणकडे पारंपरिक आणि पर्ससीनवाल्यांचा हाच संघर्ष आहे. मामेभावाशी फोनवर बोलताना आम्हा दोघांच्या तक्रारी एकाच असतात, फक्त राज्य वेगळे.

खुद्द रांपणी मात्र फार थोड्या राहिल्या. पूर्वीच्या रांपणकारांच्या घरांतली मुले कुणी जहाजावर गेली, कुणी हॉटेलात लागली. उरलेल्यांनी होडीला छोटे इंजिन लावले. गेल्या डिसेंबरात मुलीला घेऊन किनाऱ्यावर गेलो तेव्हा योगायोगाने एक रांपण ओढणे चालू होते. ओढणाऱ्यांत निम्मे परप्रांतीय मजूर, थोडे हौशी पर्यटक, आणि चार-पाच म्हातारे रांपणकार. मुलीनेही दोराला हात लावला. शेवटी एका बाईने प्लास्टिकच्या पिशवीत चार बांगडे घालून तिच्या हातात दिले आणि पैसे विचारल्यावर मान हलवून पुढच्या टोपलीकडे वळली.